कोण कुठं बसायचं

पहिला दिवस : कोल्हापूर ते शिवोली

मडगावच्या मामांचा फोन आला तो पौष संपता संपता. "बाय, गुडघे आता पायऱ्यांना नको म्हणतात. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एकदा तुझ्यासोबत बसून फुटबॉलचा सामना बघायचाय. पण सरळ माझ्याकडं येऊ नकोस. आधी शिवोली बघ, मग कांपाल, मग वास्को. क्रमानं ये." मामांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. चार दिवसांची रजा टाकली आणि पहाटेची गाडी धरली.

गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. घाटात धुकं होतं, पत्रादेवीला ऊन. दुपारी म्हापशात जेवले, खोलीवर पिशवी टाकली आणि शिवोलीची बस घेतली.

शिवोलीला का, तर गोव्याचा फुटबॉल तिथून सुरू झाला म्हणून. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे आयरिश पाद्री हवापालटासाठी या गावात आले आणि त्यांनी इथल्या पोरांना चेंडू लाथाडायला शिकवलं. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी वाढवला, इथं चर्चनं आणि शाळांनी. दोन मनोऱ्यांचं सांत आंतोनीचं चर्च संध्याकाळच्या उन्हात पांढरंशुभ्र दिसत होतं. मी आत थोडा वेळ बसले, पण मन बाहेर होतं, कारण मागच्या बाजूनं शिट्टी ऐकू येत होती.

आवाजाच्या मागानं गेले तर भात कापून मोकळं झालेलं शेत. दोन्हीकडं बांबूचे दोन-दोन खांब, वर सुंभ ताणलेला. जमीन टणक, तिच्यात भाताची धसकटं बोटबोटभर वर आलेली, आणि पोरं अनवाणी. एक बाजूची रेघ म्हणजे शेताची मेर, बांधच. चेंडू मेरेला लागून परत आला तर खेळ चालू, मेर ओलांडून गेला तर बाहेर. त्या धसकटांवर चेंडू कधीच सरळ येत नाही, शेवटच्या क्षणी अंगठाभर उडतो. ती पोरं तो उडणार हे धरूनच पाय घालत होती. गोव्याच्या खेळाडूंचा पहिला स्पर्श इतका मऊ का, यावर आजवर पुष्कळ ऐकलं होतं. इथं ते डोळ्यांनी दिसलं.

मेरेवर एक सपाट जांभा दगड रिकामा दिसला म्हणून मी बसले. दहा मिनिटांत एक पोरगा आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मावशी, तो दगड आजोबांचा. ते येतातच आता." मी उठून बाजूला सरकले. आजोबा आले, दगडावर बसले आणि माझ्याकडं बघून हलकंसं हसले. आजूबाजूला मैलभर मेर मोकळी होती, पण त्यांची जागा ती.

दुसरा दिवस : कांपाल, वास्को

पणजीला कांपालला उतरले. एका अंगाला मांडवी, जवळच कला अकादमी, आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाचं मैदान. फातोर्डा व्हायच्या आधी मोठे सामने इथं व्हायचे. साळगावकर, धेंपो, वास्को, सेझा ही क्लबांची नावं मी आईच्या तोंडून ऐकली ती याच मैदानाच्या संदर्भात. आजोबा मामांना घेऊन मडगावहून इथं यायचे. जुवारीवर तेव्हा पूल नव्हता, तो १९८३ चा. कुठ्ठाळीहून आगशीला फेरीबोट. मामा सांगतात, बोट चुकली की सामन्याचा पहिला अर्धा भाग गेला, आणि परतीची चुकली की रात्र आगशीच्या धक्क्यावर. तरी जायचे.

ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचे, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरचे. भारताचे कर्णधार झालेले गोलरक्षक. १९८४ साली गोव्यानं संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली तेव्हा संपूर्ण स्पर्धेत त्यांच्यावर एकही गोल झाला नाही. मी शाळेत असताना मामांनी हे सांगितलं होतं आणि मी पेठेतल्या पोरांना सांगितलं, तर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

जुवारीच्या नव्या पुलावरून बस वास्कोकडं गेली. खाली जुना पूल, त्याच्याही खाली फेरीबोटींचं पाणी. टिळक मैदान गावाच्या मधोमध आहे. पोर्तुगीज दर्यावर्दीचं नाव असलेल्या शहरात लोकमान्यांच्या नावाचं फुटबॉल मैदान, हे वाचून मराठी माणसाला बरं वाटतंच. मैदान लहान, पण पायऱ्या आणि गवत यांच्यात अंतर इतकं कमी की बाहेरून दिलेली हाक खेळाडूला ऐकू जावी. करोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, इंडियन सुपर लीगचे सगळे सामने गोव्यातच झाले. फातोर्डा, बांबोळी आणि हे. पायऱ्यांवर माणूस नाही. मी ते सामने कोल्हापुरात टीव्हीवर बघत होते आणि रिकाम्या पायऱ्यांकडंच नजर जायची. खेळाडू ओरडताना स्पष्ट ऐकू यायचे, आणि ते ऐकून पोटात कालवायचं.

संध्याकाळी मडगाव. कोंबावर मामांचं घर, विठ्ठल मंदिरापासून दोन गल्ल्या. मामी दारातच उभ्या होत्या. "आलीस गो बाय? हे दुपारपासून तीनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले." हुमण, उकडा भात, सुंगटांची किसमूर. मामा जेवताना फुटबॉलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "उद्या सकाळी," एवढंच.

तिसरा दिवस : मडगाव आणि लिस्बन

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पोंपों ऐकू आला तसे मामा स्वतः गेले आणि पाच-सहा कांकणं घेऊन आले. कांकण म्हणजे बांगडीसारखा गोल, कडक पाव. चहात बुडवून खायचा. माझ्या हातात कप होता. मामांनी माझ्या पुढ्यातली कांकणं काढून घेतली.

"हे १९५४," म्हणाले, आणि टेबलावर एकावर एक दोन कांकणं ठेवली. "दोन कडी. आत मैदान."

मामा १९८४ साली लिस्बनला गेले. आधी बोटीवर होते, मग मार्तिम मोनिझ भागात एका गुजराती दुकानदाराकडं नोकरी. मालक मोझांबिकहून आलेले, लोरेंसू मार्किशचे. फुटबॉलपटू युसेबिओ त्याच शहरातला. त्यामुळं मालकांचा देव युसेबिओ आणि देऊळ त्याच्या बेनफिका क्लबचं मैदान, लुझ. लुझ म्हणजे उजेड. तिथल्या 'उजेडाच्या मातेच्या' चर्चवरून ते नाव पडलं. दर दुसऱ्या रविवारी दुकानातली सगळी माणसं तिकडं, आणि मामाही.

"बेनफिकाचं आधीचं एक मैदान रस्त्यासाठी गेलं होतं," मामा म्हणाले. "आमोरैराश. १९२५ ला बांधलं, १९४० ला सोडावं लागलं. मग भाड्याच्या मैदानावर. घर गेलेल्या माणसाला घर बांधायची घाई असते." अध्यक्ष होते जोआकिम फेरैरा बोगाल्यो. लोकांनी पैसे दिले, कुणी सिमेंटच्या गोणी आणून दिल्या, कुणी अंगमेहनत केली. १ डिसेंबर १९५४ ला मैदान उघडलं. पहिला सामना पोर्तो क्लबशी, आणि त्यात बेनफिका ३-१ नं हरली. त्यालाही मागची गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी पोर्तोनं आपलं नवं मैदान उघडलं, आंताश, तेव्हा बेनफिकानं तिथं जाऊन त्यांना ८-२ नं धुतलं होतं. मामांनी हे दोन्ही आकडे बोटं वर करून दाखवले. "आता दोन्ही मैदानं नाहीत," म्हणाले. आंताश २००४ च्या सुमारास पाडलं, लुझ त्याच्या आधी.

तारखेवरून मामांना आणखी एक आठवलं. नेव्हिल डिसोझांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले तो दिवसही १ डिसेंबर, साल १९५६. नेव्हिल मुंबईचे, पण मूळ गोव्याचं. भारत ४-२ नं जिंकला आणि उपांत्य फेरीत गेला.

इथं मी मामांना एक विचारलं, जे लहानपणापासून विचारायचं होतं. १९५४ ते ६१ म्हणजे गोव्यात सत्याग्रहींना गोळ्या घालण्याचा काळ. त्याच हुकूमशहा सालाझारच्या राजधानीतलं हे मैदान. त्याच्यावर जीव कसा लावलात?

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोहन रानडे ठाऊक आहेत ना तुला? तुमच्या सांगलीचे. इथं मराठी शिकवायला आले, १९५५ ला पकडले गेले. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, पण ते सुटले १९६९ ला. कुठं होते? काशियशच्या किल्ल्यात, लिस्बनच्या उंबऱ्यावर. मे १९६१ ला बेनफिका बर्नमध्ये युरोपियन कप जिंकली, मे १९६२ ला आम्स्टरडॅममध्ये दुसऱ्यांदा, रेआल माद्रिदला ५-३ नं हरवून, त्यात युसेबिओचे दोन गोल. अख्खं शहर रस्त्यावर नाचत असणार, आणि तेव्हा आपला एक माणूस तिथंच कोठडीत होता. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा आगगाडीतून काशियश स्टेशन लागलं. मी टोपी काढून हातात घेतली. शेजारच्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोन्ही गोष्टी माझ्या आहेत बाय. एक दुसरीला पुसत नाही."

मी यावर काही बोलू शकले नाही. मामींनी चहा पुन्हा गरम करून आणला.

मामांनी तिसरं कांकण घेतलं आणि मधोमध मोडलं. अर्धा तुकडा दोन कड्यांवर एका बाजूला ठेवला. "१९६०. तिसरं कडं, पण एकाच अंगाला. तेर्सेइरु आनेल म्हणायचे, म्हणजे तिसरी अंगठी. सत्तर हजार माणसं. मी गेलो तेव्हा उरलेलं अर्धं चाललं होतं." मग दुसरा तुकडा समोर जोडला. दोन्ही सांध्यांत केसाएवढी फट राहिली, ती त्यांनी बोटानं दाबून घेतली. "१९८५. कडं पुरं झालं. एक लाख वीस हजार."

कोल्हापूरचं शाहू स्टेडियम खचाखच भरलं की आम्हाला जग भरल्यासारखं वाटतं. एक लाख वीस हजार म्हणजे काय, हे मला त्या कांकणांकडं बघूनही कळेना.

"आम्ही तिसऱ्या कड्यात. वरून खेळाडू म्हणजे मुंग्या. पण सगळं चित्र दिसायचं, कोण कुठं पळतो, मोकळी जागा कुठं पडते. खालच्यांना पाय दिसायचे, आम्हाला खेळ."

आणि मग ती गोष्ट आली, जी मी फोनवर तुकड्यातुकड्यानं ऐकली होती. १८ एप्रिल १९९०. युरोपियन कपची उपांत्य फेरी, समोर मार्सेय क्लब. पहिला सामना फ्रान्समध्ये २-१ नं गेलेला. म्हणजे घरी एक गोल मारला आणि एकही घेतला नाही, तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या गोलाच्या जोरावर अंतिम फेरी. गोल काही होईना. शेवटची सात-आठ मिनिटं उरली आणि कॉर्नर मिळाला. बदली म्हणून आलेला अंगोलाचा वाता, त्याच्या अंगाला लागून चेंडू आत.

"कुणीतरी माझी टोपी उडवली, मालकांनी मला उचललं. सत्तर किलोच्या माणसाला. दुकानात परत येईपर्यंत गात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर बघितला. हात! चेंडू हाताला लागलाय. मी म्हटलं, खोटं आहे. माझ्यासमोर गोल झालाय. मालक म्हणाले, आपण कुठं बसलो होतो ते विसरू नकोस. खाली गोलमागं बसलेल्या एका गिऱ्हाइकाला विचारलं तर तो खाली मान घालून सिगारेट पेटवायला लागला." मामा थांबले. "त्या दिवसापासून मी लिहून ठेवायला लागलो."

काय लिहून ठेवायला, ते तेव्हा सांगितलं नाही. अंतिम सामना व्हिएन्नात मिलानशी झाला, तो बेनफिका १-० नं हरली. त्यावर मामा फार बोलत नाहीत.

१९९१ च्या ३० जूनला मात्र आवाज चढला. तरुणांच्या विश्वचषकाची अंतिम लढत, पोर्तुगाल विरुद्ध ब्राझील, लुझवर. एक लाख सत्तावीस हजार माणसं वीस वर्षांच्या पोरांचा खेळ बघायला. फिगो, रुई कोस्ता, जोआव पिंतो तिकडून, रोबेर्तो कार्लोस इकडून. गोल एकही नाही. पेनल्टी. शेवटची रुई कोस्तानं घातली. "ती मी बघितली नाही. पुढचे सगळे उभे राहिले. मी आवाजावरून ओळखलं."

मामा १९९५ ला परत आले. १९९९ ला पोर्तुगालला २००४ ची युरो स्पर्धा मिळाली आणि जुन्या मैदानाचे दिवस भरले. नवं मैदान जुन्याला अगदी खेटून उभं राहायला लागलं आणि जसजसं ते वर आलं तसतसं जुनं खाली गेलं. २००३ मध्ये जुनं संपलं, २५ ऑक्टोबरला नवं उघडलं. पासष्ट हजारांचं, देखणं, प्रत्येकाला खुर्ची. मालकांनी मामांना एक फोटो पाठवला होता. तो दाखवला. एका बाजूला नव्या छताची लाल कमान, दुसऱ्या बाजूला अर्धवट कापलेलं तिसरं कडं, आतल्या लोखंडी सळ्या बाहेर लोंबताहेत. फोटोच्या मागं मालकांच्या अक्षरात गुजरातीत एकच ओळ. मामांनी वाचून दाखवली : आपली जागा अजून आहे, पुढच्या आठवड्यात नसेल.

मला बांधणाऱ्यांचा राग नाही. मैदान जुनं होतं, सळ्या गंजतात, माणसं चेंगरली तर जीव जातात. पण एवढं तरी व्हावं की पाडायच्या आधी लोकांना एकदा आपापल्या जागी बसू द्यावं. घर पाडताना देव हलवतात, दिवा लावतात, मग पहिली कुदळ मारतात.

दुपार झाली. कांकणं तशीच होती. मामींनी त्यांच्यावर जाळीचं झाकण ठेवलं आणि मासळी निवडायला गेल्या.

चौथा दिवस : फातोर्डा

संध्याकाळी एफसी गोवाचा घरचा सामना. मामांनी नारिंगी सदरा घातला, वर स्वेटर. रिक्षातून उतरल्यावर म्हणाले, "हात धरू नकोस. नुसती शेजारून चाल."

हे मैदान १९८९ चं. काही महिन्यांत उभं केलं, याचं मडगावकरांना आजही कौतुक आहे. त्याच वर्षी इथं नेहरू कपातला ऑस्ट्रेलिया-श्रीलंका हा क्रिकेटचा सामनाही झाला. पण गाव आपलं मानतं ते फुटबॉलमुळं. १९९० ची संतोष ट्रॉफी गोव्यानं इथंच, आपल्या अंगणात, केरळला हरवून जिंकली. मामा तेव्हा लिस्बनला. थोरल्या मामांनी पत्रातून कळवलं. मामांनी आपल्या पत्रात वाताच्या हाताचं लिहिलं. दोघा भावांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली.

पायऱ्या सतरा. मामा सहाव्या पायरीला थांबले, अकराव्या पायरीला थांबले, मग पोचले. खांबाच्या डावीकडची तिसरी खुर्ची. "२०१७ ला इथंच होतो. सतरा वर्षांखालचा विश्वचषक. इराणनं जर्मनीला ४-० नं हरवलं. जर्मनीला! माझ्या शेजारी काणकोणचा एक शाळामास्तर होता, तो प्रत्येक गोलला माझ्या मांडीवर चापट मारायचा. चार चापटा." तो मास्तर नंतर कधी भेटला नाही.

सामना सुरू झाला. मामा सामन्यात बोलत नाहीत. मला मोकळी जागा बघायला लावतात, नुसतं बोट करून. एकदा डाव्या बगलेतून चेंडू आत आला, कुणाच्या पायाला लागला ते मला दिसलं नाही, जाळी हलली आणि अख्खा स्टँड उठला. मामांना उठता येईना. मी खाली वाकून त्यांच्या कानात सांगितलं, गोल. ते म्हणाले, "कळलं मला."

रात्री घरी आल्यावर कपाटातून लाल कापडी बांधणीची वही काढली. दुकानदार वापरतात तसली, लांबट. आत सामन्यांचे निकाल असतील असं मला वाटलं होतं. निकाल एका कोपऱ्यात, बारीक. बाकी पानभर माणसं. 'लुझ, तिसरं कडं, पूर्वेकडं. मालक कडेला, कारण त्यांना पाय पसरायला लागतात. मग मी. माझ्या डावीकडं लोरेंसू मार्किशचा न्हावी. त्याच्या पुढं दोन बहिणी, धाकटी शेंगदाणे आणते.' पुढं कांपाल, आठवून लिहिलेलं : 'बाबा उभे, मी त्यांच्या पायांत, कारण बसलं तर दिसत नाही.' वास्को. फातोर्डा. थोरल्या मामांकडून विचारून घेतलेलं १९९० चं पान. आजची नोंदही झाली होती : 'खांबाच्या डावीकडं तिसरी. उजवीकडं भाची.'

मग त्यांनी कोरं पान उघडलं, वर लिहिलं 'कोल्हापूर, शाहू स्टेडियम', आणि पेन हातात धरून माझ्याकडं बघितलं. "तुझे बाबा कुठं बसायचे?"

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. खालून पाचवी पायरी, अगदी मधे नाही, थोडं आत येण्याच्या दाराकडं, कारण सामना संपल्यावर मला गर्दीतून लवकर बाहेर काढायचं असायचं. टोपी मांडीवर. मी त्यांच्या उजवीकडं, खाली वर्तमानपत्र, कारण पायरी तापलेली. त्यांच्या डावीकडं लाकूडवखारीतले काका, विरुद्ध पेठेचे, दोघं सामनाभर एकमेकांशी बोलायचे नाहीत आणि संपला की एकाच सायकलवरून जायचे.

मामा लिहीत होते. मधेच थांबले. "सायकल कुणाची?"

"बाबांची."

त्यांनी तेही लिहिलं.